काउंटरच्या खाली

दुकानाच्या काउंटरला दोन बाजू असतात, पुढची आणि मागची, असं गिऱ्हाइकाला वाटतं. मागे उभं राहणाऱ्याला विचाराल तर खरी फाळणी वरची आणि खालची आहे. वर इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि चेहऱ्यावर ‘बोला साहेब’. खाली एक टाच बुटातून अर्धी बाहेर आलेली, दुसरा पाय सलाइनच्या रिकाम्या खोक्यावर, आणि दर दोन-चार मिनिटांनी अंगाचा भार या पायावरून त्या पायावर. सोलापुरात नवी पेठेत, चाटी गल्लीत कुठल्याही दुकानात रात्री आठ-साडेआठला जा. वाकून खाली बघू नका, बरं दिसत नाही. नुसते विक्रेत्याचे खांदे बघा. एक खांदा खाली उतरलेला असतो, कारण सगळा माणूस एका पायावर टेकलेला असतो.

मी औषधाच्या दुकानात उभा असतो. मालक नव्हे, डी. फार्म. झालेला नोकर. संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे जी माणसं येतात त्यांना मी मनातल्या मनात ‘उभी मंडळी’ म्हणतो. ड्यूटी संपवून निघालेल्या सिस्टर, शोरूममधल्या पोरी, बँकेबाहेरचा वॉचमन, युनिफॉर्मच्या कारखान्यातले कटिंग मास्तर, एखादा सलूनवाला. वाक्य सगळ्यांचं एकच, “दिवसभर उभारून पाय गेले बघा. काहीतरी द्या.” काहीतरी म्हणजे गोळी. गोळी देणं दोघांनाही सोपं. पण रोज रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी खाऊन जठराला आणि मूत्रपिंडाला काय होतं, तेही आम्हीच बघतो. म्हणून मी आधी काउंटरवरून वाकून त्यांच्या पायात काय आहे ते बघतो. लोकांना याचं भारी हसू येतं.

चालून पाय दुखतात हे सगळ्यांना कळतं. नुसतं उभं राहून दुखतात हे न उभारलेल्या माणसाच्या पचनी पडत नाही. आमच्या मालकांचा ठेवणीतला विनोद आहे, “पंढरपूरचा विठोबा अठ्ठावीस युगं उभाय, तुला दहा तास जमेना?” यावर माझंही उत्तर ठेवणीतलं, की विठोबाला कुणी वरच्या फळीवरचं सिरप काढायला लावत नाही. पण गंमत सोडा. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल उचललं की पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं, आणि शिरांतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. जागच्या जागी उभं राहिलं की हा पंप बंद. रक्त खाली साचतं, घोट्यावर मोज्याची रेघ उमटते, पोटऱ्या भरून येतात. वर्षानुवर्षं हेच चाललं की शिरा फुगून वेड्यावाकड्या निळ्या दिसायला लागतात. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांविषयी लिहिताना उभ्यानं काम करणाऱ्यांचा वेगळा विचार केला होता. मधूनमधून बसा नाहीतर थोडं चाला, असंच त्यानंही सांगितलं. नवी पेठेतल्या पोरींना मीही तेच सांगतो आणि त्या ‘बसा’ या शब्दावर माझ्याकडे बघतात.

त्यांच्या पायात बहुतेक बेली असते, म्हणजे बिनटाचेचा सपाट बूट. तळ इतका पातळ की फरशीचा सांधा कळावा. पोरांच्या पायात काळे रेक्झिनचे फॉर्मल बूट, कारण नियम आहे, आणि नियम करणाऱ्यानं रंग ठरवला, पाय बघितला नाही. पुढं निमुळते, आत मे महिन्यातला ४३ अंशांचा घाम. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सुटायला लागते आणि बुरशीचं मलम घ्यायला आलेला मुलगा म्हणतो, “बूट काढले की पोरं पंखा लावतात.” वॉचमनच्या बुटाचं वजनच एवढं, की तो उभा राहतो की बुटांनी त्याला उभं केलंय, कळू नये.

मग चांगला बूट कुठला, हा पुढचा प्रश्न. मी कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पाय कंपनीचा नसतो. पण दुकानात जाऊन काय करायचं ते सांगतो. पहिली गोष्ट, संध्याकाळी जायचं, काम सुटल्यावर. सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी चावतो, कारण दिवसभरात पाय सुजून वाढतो. दोन्ही पायांत घालून बघायचा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि माप त्याचंच धरायचं. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटाच्या जाडीएवढी जागा हवी. दुकानदार गालिच्यावर दोन चकरा मारायला लावतो, ते त्याच्या सोयीचं. आपल्याला चालायचं नाहीये, उभारायचंय. गालिचा सोडून नुसत्या फरशीवर जाऊन उभं राहायचं, चांगलं दहा मिनिटं, त्याला कंटाळा येईपर्यंत. “घालून घालून सैल होतो हो” हे वाक्य आलं की बूट खाली ठेवायचा. वरचं कातडं थोडंफार सैल होतं, तळ काही रुंद होत नाही.

बूट हातात धरून वाकवायचा. बोटांपाशी वाकला पाहिजे, जिथं आपला पाय वाकतो तिथं. मधोमध दुमडला, तर तो पायाच्या कमानीला आधार देणार नाही. पिळून बघायचा, ओल्या कपड्यासारखा पिळला गेला तर परत द्यायचा. टाचेमागची भिंत अंगठ्यानं दाबायची, ती घट्ट हवी. आणि मऊपणाला भुलायचं नाही. आत बोट रुततं असा फोमचा बूट पहिल्या आठवड्यात स्वर्ग वाटतो. दिवसभराच्या भारानं तो फोम महिन्या-दोन महिन्यांत चेपून बसतो आणि मग आपण थेट तळावर उभे. मऊ पण परत वर येणारा, असा तळ हवा. अगदी सपाटही नको, टाच बोटांपेक्षा थोडी उंच, पण इंचाच्या आतच. जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरायचे, म्हणजे घाम वाळतो आणि तळाला फुगायला सवड मिळते. दोन जोड परवडत नाहीत हे मलाही माहीत आहे. निदान आतली गादी काढता येते असा बूट घ्यावा. गादी रात्री पंख्याखाली वाळवता येते, चेपली की नुसती तीच बदलता येते.

घरच्या घरी एक परीक्षा होते. आमच्याकडे जुन्या घरांत अजून शहाबादी आहे, तिच्यावर ओल्या पायानं एक पाऊल टाकायचं. मधला भाग कोरडा राहिला तर कमान आहे, सगळाच्या सगळा तळवा उमटला तर पाय सपाट. मग जाड पुठ्ठ्यावर उभं राहून पेन्सिलनं पायाची कड काढायची, पुठ्ठा कापायचा आणि खिशात घालून बुटाच्या दुकानात न्यायचा. आतली गादी काढून त्यावर हा पुठ्ठा ठेवला की दोन्ही बाजूंनी पाय किती बाहेर लोंबणार ते डोळ्यांनी दिसतं. बहुतेकांचा लोंबतो. याला कारण आहे. आपण बुटाचे जे नंबर सांगतो, सहा, सात, आठ, ते इंग्रजांच्या मापाचे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीयांचे पाय या परक्या मापांना धरून केलेल्या बुटांपेक्षा रुंद निघाले. त्यावरून ‘भा’ नावाची आपली मापपद्धत सुचवली गेली. ‘भा’ म्हणजे भारत. आजवर आपण काय करत आलो? रुंदीला बसावा म्हणून एक नंबर मोठा बूट घेतला, मग तो लांबीला सैल झाला, मग तो निसटू नये म्हणून बोटं आवळून धरली. दिवसभर बोटं आवळून उभं राहणं म्हणजे काय हे एकदा करून बघा.

या सगळ्यात स्वस्त आणि मस्त गोष्ट आहे तिला सोलापुरात कुणी बूट म्हणतच नाही. एमसीआरची चप्पल, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. काळा किंवा निळा, बारीक छिद्रांचा तळ, दाबला की दबतो आणि सोडला की वर येतो. मधुमेहाच्या डॉक्टरांनी लिहून दिली की लोक ती घ्यायला येतात आणि बघून नाक मुरडतात. तिचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी कुष्ठरुग्णांवर उपचार करत होते. त्या बधिर पायांना जखमा रोगानं आपोआप होत नाहीत, एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबानं होतात, हे त्यांनी ओळखलं. दाब वाटून देणारा तळ शोधता शोधता हे रबर तिथल्या पादत्राणांत आलं. मधुमेहात नसा बधिर होतात तेव्हा गणित तेच. ज्याला साखर आहे आणि उभ्याचं काम आहे त्यानं बूट घालण्याआधी आत हात फिरवावा आणि रात्री तळवा आरशात बघावा. त्याला खडा टोचत नाही, हेच त्याचं दुखणं.

मी स्वतः ही चप्पल वापरायचो, पण मालकांना दुकानात चप्पल चालत नाही. तोड काढली ती आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चप्पलवाल्या मामांनी. एमसीआरचा पत्रा मिळतो, त्याचा तुकडा त्यांनी माझ्या काळ्या बुटातली गादी वर ठेवून खडूनं आखला. रापी, म्हणजे कातडं कापायची सुरी, दगडावर दोनदा घासली, आखलेल्या रेषेच्या किंचित आतून एका दमात फिरवली. मग कमानीच्या बाजूला कड तिरपी तासत गेले; मधूनच तुकडा गालाला लावून उंचवटा राहिलाय का बघायचे. “हातापेक्षा गालाला लवकर कळतं,” म्हणाले. टाचेखाली एक वाटोळा खळगा तासला, कारण मी टाचेच्या मधोमध दुखतं असं सांगितलं होतं. चिकटवलं नाही. “चार दिवस नुसतं घाल, मग सांग कुठं लागतंय.” बुटाच्या दुकानात हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

टाचेचं म्हणाल तर उभ्या मंडळींचा हा हमखास आजार. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा ठोकल्यासारखं होतं आणि चार पावलं चाललं की कमी होतं. टाचेपासून बोटांकडे जाणारा एक चिवट पट्टा असतो, तो ताणून ताणून कातावतो. भिंतीला हात लावून पोटरी ताणणं आणि थंड पाण्याची बाटली तळव्याखाली लाटणं, यानं गोळ्यांपेक्षा जास्त लोक बरे झालेले मी पाहिलेत, फक्त रोज करावं लागतं. पण एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम आणि दुखरी झाली, तर मलम मागायला आमच्याकडे येऊ नका, सरळ डॉक्टर गाठा. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते.

आता जे सांगायचंय ते बुटाचं नाही. आम्ही पूर्वभागातले, म्हणजे शहरातल्या विणकर वस्तीतले, घरात तेलुगू आणि दारात मराठी. माझे आजोबा खड्डामागावर विणायचे. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, काठावर बैठक. पाय खाली पावड्या दाबणार आणि वर हात धोटा फेकणार. कष्ट होतेच, पण ते बसून होते. मग वीज आली, यंत्रमाग आले. नाना, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर आयुष्यभर उभे राहिले. एका माणसाकडे एकापेक्षा जास्त माग, या मागाचा धागा तुटला की इकडे, त्या मागाची कांडी संपली की तिकडे. पायात काही नाही. मागापाशी चपला घालून जायचं नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. पाळी संपवून आले की तळव्यांना तेल आणि कापसाची तूस एकत्र चिकटलेली असायची आणि आई ती परातीत गरम पाणी घेऊन सोडवायची. निदान ते चालत तरी होते.

पेठेतही हेच झालं. जुन्या कापडदुकानात पांढरी शुभ्र गादी असायची. गिऱ्हाईक चपला पायरीशी काढून वर बसायचं, शेटजी लोडाला टेकून बसायचे, आणि लुगडी दाखवणारा माणूसही मांडी घालूनच घड्या उलगडायचा. काही दुकानांत अजून आहे. पुढं काच आली, शोरूम आलं, गिऱ्हाइकाला खुर्ची आली आणि विकणारा उभा झाला. कुणी हुकूम काढला नाही. काउंटर उंच झाला, त्याच्यामागे बसलेला माणूस दिसेना, आणि न दिसणारा माणूस आळशी ठरला. शहाबादी जाऊन आरशासारखी टाइल आली. दोन्ही सारख्याच कठीण, पण पहिलीवर आपण बसत होतो.

म्हणून मला बुटाच्या शोधाची थोडी चीडही येते. पाय दुखतो म्हटलं की दोष पायाचा, उपाय बुटाचा आणि खर्च नोकराचा. इस्त्रीच्या टेबलामागचा माणूस तेवढा शहाणा निघाला. आमच्या गल्लीतल्या युनिफॉर्मच्या कारखान्यात तो बारदानाच्या चार घड्या करून त्यावर उभा राहतो, आणि एक पाय आलटून पालटून विटेवर. कमरेला आराम पडतो, म्हणतो. खरंच पडतो, मी करून पाहिलं. विटेचं महत्त्व या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको.

बसण्याचा प्रश्न सरकारला माहीत नाही असंही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात, तो २०२५ साली जाईपर्यंत, ४४ वं कलम होतं. ज्यांना उभ्यानं काम करावं लागतं त्यांना, कामात उसंत मिळेल तेव्हा टेकता यावं म्हणून बसायची सोय ठेवावी, असं ते सांगायचं. पण ते कारखान्याला होतं. दुकानातल्या माणसासाठी केरळनं २०१८ साली कायद्यात दुरुस्ती केली, कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांनी त्यासाठी मोठं आंदोलन केल्यावर. २०२१ मध्ये तमिळनाडूनं तसंच केलं. मी हे मालकांना मोबाइलवर दाखवलं. ते त्यांच्या फिरत्या खुर्चीत बसले होते. “ते केरळ आहे,” म्हणाले.

तरी गेल्या महिन्यात एक स्टूल आलं. प्लॅस्टिकचं, लाल, घरात न्हाणीत असतं तसं. त्यावर बसलं की माझी हनुवटी काउंटरला लागते आणि गिऱ्हाईक “कुणी आहे का?” म्हणून हाक मारतं. मालकांनी “बघ, दिली सोय, तुलाच बसायचं नाही” असं म्हणून घेतलं. मग मी सुताराकडे माप देऊन आलो. काउंटरच्या उंचीला साजेसं, चार पायांचं, खाली पाय टेकायला आडवी पट्टी असलेलं. पैसे कोण देणार, मालकांनी विचारलं. म्हटलं, निम्मे मी देतो. शेजारच्या शोरूममधल्या पोरीनं हे ऐकलं आणि सुताराचा नंबर घेऊन गेली. आमचे मालक अजून विचार करतायत.